उरलेले मागच्या कप्प्यात

मित्रांनो, मी एक जुने पाकीट आहे. माझ्या घडीवरचे चामडे विरले आहे, डाव्या बाजूचे चार टाके उसवले आहेत आणि मागची चेन अर्ध्यावर येऊन अडते. तरीही मी अजून नोकरीत आहे. रोज सकाळी पँटच्या मागच्या खिशात जाते आणि संध्याकाळी कपाटात परत येते. माझी गोष्ट ऐकून तुम्ही हळहळावे असे काही मला वाटत नाही. मध्यंतरी बराच काळ मला काहीच वाटत नव्हते. त्या काळाबद्दलच सांगायचे आहे, म्हणून जसे झाले तसे सांगते.

माझा जन्म एका जिन्याखाली झाला. तिथे एक चामड्याचा कारागीर बसत असे. एका डॉक्टरची बॅग शिवून उरलेला तुकडा त्याने जपून ठेवला होता, त्यातून त्याने मला कापले. मागणी विचित्र होती. नोटांसाठी तीन वेगळे कप्पे हवे होते आणि मागे चेनचा चौथा.

कारागीर म्हणाला, "तुम्हाला पाकीट हवंय की कपाट?"

"बायकोचा हुकूम आहे," गिऱ्हाईक म्हणाले. "मी फक्त निरोप्या."

कारागीर हसला आणि त्याने शिवण दुहेरी घातली. म्हणूनच इतकी वर्षे टिकले. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक. ते कवळ्या बनवत. आळीत सगळे त्यांना 'दातवाले' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत काकांची लॅब होती, तिथे ते कामाला होते. काका त्यांचे नात्याने कुणी नव्हते, पण पंधरा वर्षे एका टेबलावर काम केले की तेवढे नाते होतेच. खोलीत दोन टेबले, एक भट्टी, पॉलिशचे एक चाक आणि भिंतभर फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. कवळी दातांवर दात बसताना केसाएवढी उंच लागत असली तरी दातवाल्यांच्या बोटाला ते कळे. काका म्हणत, "याचं बोट म्हणजे सोनाराचा काटा आहे."

घरी त्यांची बायको, आई आणि मुलगी. बायको टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर होत्या. मी त्यांना नुसते बाई म्हणते. पार्सल तोलताना ग्रॅमभर इकडेतिकडे झालेले त्यांना खपत नसे, मग ते साहेबांचे असो की शेजाऱ्यांचे. अशा दोन काटेकोर माणसांच्या घरात मी आले होते. चुकीला तिथे जागा कुठून असणार, असे मला वाटे. तेव्हा मी नवे होते.

पगाराच्या दिवशी दातवाले बँकेतून नोटा काढून आणत. चहा झाला की मला टेबलावर उघडून ठेवत आणि बाई वाटणी करत. पहिला कप्पा घरखर्चाचा. दुसरा जाण्यायेण्याचा. तिसरा आजींच्या, म्हणजे दातवाल्यांच्या आईच्या औषधांचा. मागचा चेनचा कप्पा त्या दिवशी रिकामाच राही.

नियम बाईंचे होते. एका कप्प्याने दुसऱ्याला उसने द्यायचे नाही. कप्पा रिकामा झाला की पगारापर्यंत थांबायचे. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी कप्प्यांत जे उरेल ते मागे सरकवायचे. मागचे पैसे मग कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. मुलगी झाकणाच्या आतल्या कागदावर आकडा लिही. त्या डब्याला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांत कडक होता.

उरे फार थोडे. कधी चार नोटा, कधी एक. एका महिन्यात फक्त चिल्लर उरली होती, तर मुलीने तीही लिहिली.

माझे खरे काम दुकानात असे. दातवाले मला उघडत, अंगठ्याने नोटा बाजूला करत आणि कप्प्यात डोकावत. तिथे किती उरले आहे आणि महिना किती उरला आहे, हे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकदमच दिसे. मग बऱ्याचदा ते मला मिटत आणि वस्तू जागेवर ठेवत. मान वळवता येणारा एक टेबलाचा दिवा त्यांना घरी बारीक कामासाठी हवा होता. त्या दुकानात आम्ही महिन्यात तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "दातवाले, दिवा तुम्हाला ओळखायला लागलाय." दातवाले हसले, पण घेतला नाहीच. नोट जाताना त्यांना टोचे, आणि मी तेवढेच पातळ होई. आम्हा दोघांना ते एकाच वेळी कळे.

एका दुपारी डबा खाऊन हात धुताना काकांनी विषय काढला.

"माझे डोळे आता दात बघतात, पण दोन दातांमधली फट बघत नाहीत," ते म्हणाले. "लॅब विकायचीय. भट्टी, चाक, साचे, आणि आपल्याला काम देणारे डॉक्टर, सगळं एकदम. दोघांनी विचारलंय. पण मला वाटतं तू घ्यावंस."

"काका, माझ्याकडे कुठले एवढे?"

"दीड वर्ष थांबतो. निम्मे एकरकमी दे, निम्मे सवडीनं. दुसऱ्याच्या टेबलावर म्हातारा होऊ नकोस."

त्या दिवशी दातवाले बसने न येता चालत घरी आले. जाण्यायेण्याच्या कप्प्यात एक नोट वाचली. पुढे ते रोजच चालू लागले. बाईंनी कचेरीतल्या चहाचे पैसे देणे बंद केले आणि घरून बाटली नेऊ लागल्या. डबा हळूहळू भरत होता, पण दीड वर्षाच्या मानाने फार हळू. हे बाईंना कळत होते, कारण भागाकार त्यांना तोंडी येई.

मग कार्ड आले.

पगाराच्या दिवशी बँकेच्या रांगेशेजारी एक टेबल मांडले होते आणि त्यावर प्रवासाच्या बॅगा रचल्या होत्या. कार्ड घेतले की बॅग फुकट. टेबलामागचा माणूस फार गोड बोलत होता. पन्नास दिवस पैसे द्यायचेच नाहीत, असे तो सांगत होता. दातवाल्यांनी सही केली. दोन आठवड्यांनी कार्ड घरी आले. कडक, चकचकीत, वजनाला काही नाही आणि वासही नाही. माझ्या पुढच्या खाचेत ते असे बसले की जणू खाच त्याच्यासाठीच शिवली होती.

"आणि पैसे कोण देणार?" बाईंनी विचारले.

"आपणच. पण नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"अगं, नंतर म्हणजे नंतर. अडीअडचणीला असावं."

अडचण लगेच आली, आणि तीही खरी होती. आजींचे पाय सुजले. डॉक्टरांनी मऊ तळव्याच्या चपला घ्यायला सांगितल्या. तारीख तेवीस होती आणि औषधांचा कप्पा रिकामा होता. दातवाले दुकानात मला उघडून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी कार्ड काढले. यंत्राने कागदाची चिठ्ठी बाहेर टाकली. आजी मऊ चपला घालून घरी आल्या. माझा कुठलाही कप्पा पातळ झाला नव्हता. मी वाट बघत होते टोचण्याची. काही टोचले नाही.

पुढच्या महिन्यात किराणा कार्डावर आला. मग बसचा पास. मग औषधे. 'नोटा राहू देत' असे दातवाले म्हणत, आणि नोटा राहत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मला उघडले आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, बघा तरी! केवढे उरलेत!"

आता मित्रांनो, इथेच सगळे बिघडले, आणि बिघडवणारे कुणीही वाईट नव्हते. घराचा नियम होता की उरेल ते मागे. नोटा उरल्या होत्या. बाईंनी त्या मागे सरकवल्या, तिथून त्या डब्यात गेल्या, मुलीने आकडा लिहिला आणि टाळ्या वाजवल्या. नियम जसाच्या तसा पाळला गेला. कार्डासाठी नियम कुणी केलाच नव्हता.

कार्डाचा हिशेब दातवाल्यांच्या फोनवर येई. त्यात दोन आकडे असत. वर एक मोठा, एकूण देणे. खाली एक लहान, निदान एवढे तरी भरा म्हणून. बसथांब्याजवळ उभे राहून ते लहान आकड्यावर बोट ठेवत. जादा कामाचे पैसे बँकेत जमा होत, त्यातून तो भागे. मोठा आकडा भरायचा तर डबा उघडावा लागला असता, आणि डब्याला हात लावायचा नाही हा तर सगळ्यांत कडक नियम. एकदा बाईंनी विचारले होते, "त्या कार्डाचं भरता ना वेळेवर?"

"दर महिन्याला भरतो की," ते म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत.

मी तेव्हा काय करत होते? मी मिरवत होते. इतके जाड मी कधीच नव्हते. महिन्याच्या विसाव्या तारखेलाही माझे तिन्ही कप्पे गच्च असत. खिशात बसल्यावर दातवाल्यांना कलून बसावे लागे. इतर माणसांच्या खिशांतली चपटी पाकिटे बघून मी नाक मुरडत असे. आज त्याची लाज वाटते.

दिवा घरी आला. मग आजींच्या खोलीसाठी दुसरा, आणि तिसरा खोक्यातच राहिला. बाई पूर्वी कुठलाही पुडा उचलला की आधी किंमत वाचत आणि नाव नंतर. आता नाव वाचून पिशवीत टाकू लागल्या. एक खुर्ची आली, तिच्या रंगाला शोभेल असा पडदा आला. दातवाले पुन्हा बसने जाऊ लागले, आणि उशीर झाला तर टॅक्सीने. यातली एकही वस्तू उधळपट्टी म्हणावी अशी नव्हती. फक्त प्रत्येक वस्तू घेताना कुणी थांबले नव्हते.

आजी एकदा म्हणाल्या, "पूर्वी दुकानदार 'काय हवंय' विचारायचा, आता 'या, बसा' म्हणतो. मला तर धाकधूक वाटते."

मुलीने विचारले, "बाबा, आपण श्रीमंत झालो का?"

"नाही गं," दातवाले म्हणाले. "आपल्याला बचत जमायला लागली."

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगते. पुढच्या दवाखान्यात एका माणसाची दाढ काढली होती आणि मापासाठी त्याला लॅबमध्ये पाठवले होते. त्याचा गाल अजून बधिर होता. बाहेरच्या बाकावर बसून त्याने पाव खाल्ला. आत आला तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होते आणि तो हसत होता. पावाबरोबर त्याने स्वतःचाच गाल चावून ठेवला होता. काकांनी त्याला पाण्याचा पेला दिला आणि ओरडले, "अहो, बधिर असताना खायचं नाही असं सांगितलं नव्हतं का? तासाभरानं कळेल तुम्हाला काय केलंत ते!" दातवाले त्याच्या शर्टावरचे डाग पुसायला धावले. मी त्यांच्या खिशात गच्च भरलेले होते.

सोळाव्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी डबा टेबलावर पालथा केला गेला. चौघांनी मिळून मोजले. काकांना द्यायची निम्मी रक्कम पूर्ण झाली होती, वर थोडे उरले होते. दीड वर्षाला दोन महिने बाकी होते. आजींनी पुन्हा एकदा मोजले, कारण त्यांना मोजताना छान वाटत होते. बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दातवाले काकांना म्हणाले, "पैसे तयार आहेत. पुढच्या एक तारखेला देतो."

काकांनी त्यांच्या खांद्यावर प्लास्टरने माखलेला हात ठेवला. तो पांढरा पंजा शर्टावर दिवसभर होता. त्याच दुपारी काकांनी त्या दोघा गिऱ्हाइकांना फोन करून नाही म्हणून सांगितले. त्यांतल्या एकाने आठवड्याभरात दुसरीकडे लॅब घेतली. काकांनी भाचीला कळवले की आता मी तुझ्याकडे राहायला येतो. त्यांचे घर त्यांनी सोडायला काढले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दातवाले पाटी रंगवणाऱ्याकडे गेले. पाटी तयार होती. निळ्यावर पांढरी अक्षरे, त्यांचे नाव, खाली 'कवळ्या बनवून व दुरुस्त करून मिळतील'. त्यांनी कार्ड दिले. यंत्र थोडा वेळ गप्प राहिले आणि मग दोनदा वाजले.

"होत नाहीये," रंगवणारा म्हणाला. "परत बघू?"

परत बघितले. परत दोनदा वाजले.

"मर्यादा संपली म्हणतंय. दुसरं कार्ड आहे?"

"नाही."

"मग रोख द्या."

दातवाल्यांनी मला उघडले. पण महिन्याचा शेवटचा दिवस होता. सकाळीच बाईंनी सगळे मागे सरकवून डब्यात टाकले होते. माझ्यात एकही नोट नव्हती.

"उद्या येतो," ते म्हणाले. पाटी तिथेच भिंतीला टेकून राहिली.

घरी येऊन त्यांनी फोन बाईंसमोर ठेवला. बाईंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि कार्ड आल्यापासूनचे सगळे हिशेब एकाखाली एक लिहिले. खाली व्याज लिहिले. मग डब्याच्या झाकणातला कागद काढून शेजारी ठेवला. तराजूची दोन पारडी बघावी तसे त्या दोन कागदांकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे आपण वाचवलेच नाहीत."

"म्हणजे?"

"हे किराण्याचे पैसे आहेत. हे बसचे आहेत. हे आईंच्या औषधांचे आहेत. ज्याचं त्याला दिलंच नाही आपण, डब्यात ठेवत गेलो. देणं डब्यापेक्षा जास्तच आहे."

दातवाले म्हणाले, "काकांना उद्या देऊन टाकू. शब्द दिलाय मी. कार्डाचं हळूहळू फेडू."

"याचं महिन्याचं व्याजच तुमच्या जादा कामापेक्षा जास्त आहे. वर काकांचे उरलेले निम्मे. ते कुठून आणणार?"

"लॅब चालेल ना आपली."

"पहिले सहा महिने काय चालेल? तुम्हीच सांगा. मी मांडते."

दातवाल्यांनी आकडे सांगितले, बाईंनी मांडले. दोनदा मांडले. दोन्ही वेळा तेच आले. आजी दारात उभ्या होत्या. "पण डब्यात पैसे आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मी स्वतः मोजलेत."

एक तारखेला दातवाल्यांनी काकांना सगळे खरे खरे सांगितले. उभ्यानेच सांगितले. काका स्टुलावर बसले.

"मला आधी सांगायचंस की रे," ते म्हणाले. "मी त्या दोघांना नाही म्हणून बसलो."

"हो."

"घरही सोडलंय मी."

"हो, काका."

"अरे, मग काहीतरी बोल! चीड, रड, काहीतरी कर!"

"काही वाटतच नाहीये," दातवाले म्हणाले.

आणि ते खरे होते. मी त्यांच्या खिशात होते, त्यांच्या अंगाला लागून. त्यांचा श्वास नेहमीसारखाच चालला होता. मलाही काही वाटत नव्हते. तिथून ते डबा घेऊन बँकेत गेले. खिडकीमागच्या माणसाने नोटा यंत्रात घातल्या. सोळा महिन्यांचा डबा त्या यंत्राने दोन मिनिटांत मोजला. थोडे कमी पडले, ते पुढच्या तीन पगारांतून गेले. मग बाईंनी स्वतः जाऊन ते कार्ड बंद करून टाकले.

काकांना दुसरे चांगले गिऱ्हाईक मिळाले नाही. शेवटी जुने सामान घेणारा एक दलाल आला. त्याने भट्टी एकाला विकली, चाक दुसऱ्याला, आणि काकांना मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही दिले नाही. साचे कुणालाच नको होते. ते पोत्यांत भरून बाहेर ठेवले. पोते उचलताना आतून खडखड आवाज आला.

दातवाल्यांना एका मोठ्या कंपनीत काम मिळाले. तिथे कवळीचे प्रत्येक काम वेगळा माणूस करतो. एक साचा ओततो, एक दात लावतो, एक भट्टी बघतो. दातवाल्यांच्या वाट्याला घासणे आले. दिवसभर कवळ्या त्यांच्यापुढे येतात, ते चकाकी आणतात आणि पुढे सरकवतात. पगार बरा आहे. त्या काळात त्यांनी मला खणात टाकून दिले आणि लागतील तेवढ्या दोन-चार नोटा शर्टाच्या खिशात ठेवू लागले. खणात मी अकरा महिने होते. माझे टाके तिथेच उसवले. कुणी बघितले नाही आणि मलाही फार दुःख झाले नाही.

नंतर बाईंनीच मला बाहेर काढले, तेल लावून पुसले आणि पगाराच्या दिवशी टेबलावर उघडून ठेवले. पुन्हा तीन कप्पे भरले. महिनाअखेर पुन्हा थोडे मागे सरकू लागले. खरेखुरे उरलेले, म्हणून फारच थोडे. डबा आता राहिला नव्हता, त्यामुळे ते माझ्यातच राही. कशासाठी साठवायचे हे मात्र आता कुणी बोलत नसे.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी काका घरी आले. मधल्या दोन वर्षांत ते बरेच वाळले होते. गाल आत गेले होते, कारण तोंडात कवळी नव्हती. ती त्यांनी रुमालात बांधून आणली होती. बरोबर मधोमध तिचे दोन तुकडे झाले होते.

"बेसिनमध्ये पडली," ते बोबडे बोलत म्हणाले. "तूच कर रे. दुसऱ्यानं केलेली मला चावता येत नाही."

दातवाल्यांनी तुकडे हातात घेतले, जुळवून बघितले, कडेवरून बोट फिरवले. "नवीच करावी लागेल, काका. पण माझ्याकडे भट्टी नाही."

"हो की," काका म्हणाले. "मीच विकली."

बाईंनी पाणी आणले. काकांनी विचारले, "तुझ्या कंपनीत किती घेतात?"

दातवाल्यांनी आकडा सांगितला. काकांनी खिशातून एक कापडी थैली काढली, नोटा मांडीवर ठेवून मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि परत थैलीत घातल्या. मग चेहरा मुद्दाम हसरा करून ते म्हणाले, "तिथे कार्ड चालतं म्हणे. भाचीचा नवरा सांगत होता, हल्ली लगेच देतात, वयही बघत नाहीत. पैसे म्हणे नंतर द्यायचे. ते कसं काढतात रे? तुला माहीत असेल."

दातवाल्यांनी हातातले तुकडे टेबलावर ठेवले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडू लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे, सगळ्यांसमोर. लॅब गेली त्या दिवशी जे आले नव्हते ते आता आले होते, आणि थांबत नव्हते.

काका गोंधळले. "अरे, तू काय रडतोस? दात माझे मोडलेत."

दातवाल्यांनी खिशातून मला काढले. मागची चेन अर्ध्यावर अडली, ती त्यांनी जोर लावून ओढली. वर्षभरात जे काही मागे सरकले होते ते सगळे त्यांनी बाहेर काढले, आणि एकेक नोट काकांच्या तळहातावर ठेवत गेले. बाई बघत होत्या. मागच्याला हात लावायचा नाही, हे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त काकांची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"रोख द्या, काका," दातवाले म्हणाले. "तुमच्या हातानं मोजून द्या. ते कार्ड नको."

"अरे, पण मग तुझ्याकडे काय उरलं?"

"काही नाही."

मित्रांनो, त्या दुपारी मी रिकामे झाले, आणि ते मला कळले. प्रत्येक नोट जाताना मला कळले. दुखलेसुद्धा. किती दिवसांनी दुखले होते! माझ्याकडून तुम्हाला काही सांगायचे असेल तर एवढेच. जुन्या वस्तू जपा, चामड्याला अधूनमधून तेल लावा, उसवलेला टाका वेळेवर घाला, हे तर आहेच. पण पैसे देताना हात जरा अडखळला, आत काही टोचले, तर त्याला हसू नका आणि ते घालवायला कुणी काही देऊ केले तर घेऊ नका. टोचते आहे तोवर आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे आपल्याला कळते. आमच्या घरात ते कळेनासे झाले होते, आणि त्याची किंमत एका म्हाताऱ्या माणसाने भरली. काकांची नवी कवळी पुढच्या आठवड्यात मिळेल. ती कंपनीत दुसऱ्या कुणीतरी केली आहे, दातवाल्यांनी फक्त घासली आहे.